मॉडिफाय केलेली सेकंड हँड बाईक घेताय? टोकन देण्याआधी हे सगळं तपासा

चार वर्षांपूर्वी मी माझ्या पगारातून पहिली बाईक घेतली. सेकंड हँड, आणि त्यातही मॉडिफाय केलेली. मॅट काळा रंग, बसकी सीट, मागे जाड टायर. फोटो बघूनच मन बसलं होतं. इंजिन सुरू करून बघितलं, एक चक्कर मारली, कागदांवर सह्या केल्या. तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाच्या सुमारास जुन्या कात्रज घाटातून उतरताना हेडलाइट गेला, टेललाइट गेला आणि सीटखालून प्लास्टिक जळल्याचा वास यायला लागला. मागे ट्रक होता. ड्रायव्हरने हॉर्न दाबत शेवटच्या क्षणी बाजूने काढला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या काकांनी सीट काढली. फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली होती. आधीच्या कुणीतरी जादाचे लाइट लावले असणार, फ्यूज सारखा उडत असणार, म्हणून हा ‘इलाज’. काका एवढंच म्हणाले, "घेताना सीट उचलून बघितली असती तर पाच मिनिटांचं काम होतं." नवीन वायरिंगला मला ७,५०० रुपये लागले.

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, एक बॉबर बघितलीय. क्लासिक ३५० वर बनवलेली, २०१५ची. रविवारी येतोस का बघायला?" यावेळी मी यादी करून गेलो. तीच यादी, कारणांसकट, इथे देतोय. उदाहरणं रॉयल एनफिल्डची आहेत, कारण आपल्याकडे मॉडिफाय केलेल्या बाईकमध्ये तीच जास्त दिसते. पण तपासण्याची पद्धत कुठल्याही बाईकला चालेल.

कस्टम बाईक वेगळी का तपासायची?

कंपनीतून आलेल्या बाईकची माहिती सगळ्यांना असते. कुठली वायर कुठे जाते, किती अँपिअरचा फ्यूज आहे, टायर कुठल्या मापाचा आहे, हे कुठल्याही मेकॅनिकला सांगता येतं. मॉडिफाय केलेल्या बाईकचं असं पुस्तक नसतं. जो बदल केला तो फक्त करणाऱ्याला माहीत, आणि गाडी दोन-तीन हात फिरली की तोही सापडत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम हातात आला की आम्ही आधी बघतो की मूळ काय होतं आणि नंतर काय बदललं. बाईकलाही हेच लावायचं. जायच्या आधी त्याच मॉडेलचे, त्याच वर्षाचे कंपनीतले फोटो मोबाईलमध्ये घेऊन ठेवा. डावी बाजू, उजवी बाजू, मागून, पुढून. समोरची गाडी आणि हे फोटो यांत जो जो फरक दिसेल, त्याला तीन प्रश्न विचारा: कुणी केला, कधी केला, बिल आहे का?

बदल साधारण तीन प्रकारचे असतात.

१. वरवरचे: रंग, सीट कव्हर, आरसे, हँडल ग्रिप. यांची फार काळजी नको.
२. नटबोल्टने लावलेले: सायलेन्सर, हँडल, लाइट, टायर, एअर फिल्टर. हे परत काढता येतात, पण खर्च आहे.
३. कापून किंवा वेल्डिंग करून केलेले: फ्रेम, चिमटा, शॉकअपची जागा. हे सहसा परत पहिल्यासारखे होत नाहीत. खरी तपासणी इथेच करायची.

जाहिरातीत दिसणारे शब्द पण समजून घ्या. बॉबर म्हणजे मागचा मडगार्ड आणि सीट छोटी करून बसकी केलेली गाडी. कॅफे रेसर म्हणजे खाली झुकलेलं हँडल आणि मागे कुबड असलेली सीट. स्क्रॅम्बलर म्हणजे कच्च्या रस्त्यासाठी उंच केलेली, गुट्टीवाल्या टायरची गाडी. बॉबर आणि कॅफे रेसर बनवताना बहुतेक वेळा फ्रेमचा मागचा भाग कापलेला असतो, हे लक्षात ठेवा.

पायरी १: घरबसल्या मोबाईलवर

बघायला जाण्याआधी विकणाऱ्याकडून आरसीचा फोटो मागवा. द्यायला टाळाटाळ करत असेल तर पेट्रोल जाळून जाऊ नका. नंबर हातात आला की:

• एमपरिवहन ॲप किंवा परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर नंबर टाका. मॉडेल, नोंदणीची तारीख, इन्शुरन्स, पीयूसी, सगळं दिसतं.
• आरसीवर कर्जाचा बोजा आहे का बघा. हप्ते संपले तरी बोजा आपोआप उतरतोच असं नाही. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. हे काम विकणाऱ्याकडून आधी करून घ्या.
• ई-चलन तपासा. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचे आणि फॅन्सी नंबर प्लेटचे दंड कस्टम गाड्यांवर हमखास सापडतात. आमच्या गाडीवर तीन निघाले.
• नोंदणी कधीपर्यंत आहे ते बघा. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे चालवायची तर गाडी आरटीओत दाखवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. तिथे कापलेली गाडी न्यायची आहे, हा विचार आजच करा.
• पासिंग दुसऱ्या राज्याचं असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स आणि नवीन नंबर, हे सगळं तुमच्या गळ्यात पडणार. किमतीत ते धरा.

पायरी २: कायदा काय म्हणतो?

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सोडू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर असलेली माहिती आणि कंपनीने ठरवलेली रचना यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ‘बदल’ म्हणजे काय, हेही कलमातच सांगितलंय: गाडीच्या रचनेत असा फरक, की तिचं मूळ स्वरूप बदलेल. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच धरून निकाल दिला.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे नियम मोडल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जप्त केलेले सायलेन्सर पोलीस रोलरखाली घालतात त्याचे व्हिडिओ तुम्ही बघितलेच असतील.

म्हणजे साध्या भाषेत:

• रंग बदललेला असेल तर आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग जुळतो का बघा. नसेल जुळत तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागेल.
• सीट, ग्रिप, आरसे यांचा सहसा प्रश्न येत नाही.
• फ्रेम कापलेली, इंजिन वेगळ्या मॉडेलचं बसवलेलं, सायलेन्सर मोकळा केलेला असेल, तर ती जोखीम तुम्ही पैसे देऊन विकत घेताय.

आणि इन्शुरन्स. पॉलिसी कंपनीतल्या मूळ गाडीची असते. न कळवता केलेल्या बदलामुळे अपघात झाला असं निघालं तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. म्हणून विकणाऱ्याला सरळ विचारा, "इन्शुरन्सवाल्यांना हे बदल कळवलेत का?" उत्तर बहुतेक ‘नाही’ असेल. ते ऐकूनच पुढचा विचार करा.

पायरी ३: प्रत्यक्ष बघायला गेल्यावर

शक्यतो सकाळी जा. रात्री आणि पावसात ओरखडे, गंज, ऑइलगळती काही दिसत नाही. सोबत न्यायच्या वस्तू: मोबाईल (टॉर्च आणि कॅमेरा), छोटं लोहचुंबक, दहा-बारा फूट सुतळी, दोन-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर, आणि हेल्मेट. विकणाऱ्याला आधी सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावा. गरम असेल तर समजा की थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देतं आणि ते तुमच्यापासून लपवलंय.

नंबर जुळवा

चासी नंबर हँडलखाली फ्रेमच्या गळ्यावर कोरलेला असतो, इंजिन नंबर इंजिनवर. टॉर्च मारा, फोटो काढा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. आकडे घासलेले, वाकडेतिकडे ठोकलेले किंवा त्या जागेवर ताजा रंग मारलेला असेल तर नमस्कार करून निघा. यात दुसरा विचार नको.

१ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना कंपनीकडूनच हाय सिक्युरिटी नंबर प्लेट येते. ती काढून ‘दादा’ किंवा ‘राम’ दिसेल अशी प्लेट लावली असेल तर मूळ प्लेट कुठंय ते विचारा.

फ्रेम

क्लासिक ३५० च्या फ्रेममध्ये इंजिनसुद्धा वजन पेलणारा भाग असतो. म्हणून फ्रेमला उगाच हात लावलेला चालत नाही. तीन जागा महत्त्वाच्या: हँडलचा गळा, चिमटा जिथे बसतो तो सांधा, आणि मागच्या शॉकअपचा वरचा बोल्ट. रस्त्याचा सगळा मार या तीन जागांवर येतो. शॉकअपच्या मागे फक्त मडगार्ड धरणारी नळी कापली असेल तर धोका त्यामानाने कमी. पण या तीनपैकी कुठेही वेल्डिंग दिसलं तर थांबा.

वेल्डिंग कसं ओळखायचं? कंपनीचं वेल्डिंग सारखं, एका रेषेत आणि दोन्ही बाजूंना एकाच जागी असतं. म्हणून डाव्या बाजूचा फोटो काढा, उजव्या बाजूचा काढा आणि दोन्ही झूम करून शेजारी बघा. एका बाजूला गोळे किंवा बारीक भोकं दिसली, ग्राइंडरने घासून गुळगुळीत केलेली जागा दिसली, किंवा तेवढ्याच भागावर नवा रंग दिसला तर काहीतरी झालंय. रंगाखालून केसासारखी बारीक, तांबूस रेघ दिसली तर ती तडा असू शकते. आत पाणी जातं आणि गंज त्या रेघेतून बाहेर येतो.

टाकीवर आणि मडगार्डवर चुंबक फिरवा. पत्र्याला चिकटतंय पण मध्येच एका जागी पकड सुटतेय, तर तिथे लांबी भरली आहे, म्हणजे आधी ठोकर बसलेली आहे.

चाकं सरळ आहेत का?

हँडल सरळ धरा. सुतळी मागच्या टायरच्या मागून घेऊन दोन्ही बाजूंनी जमिनीला समांतर पुढच्या टायरपर्यंत ताणा. पुढचा टायर बारीक असतो, त्यामुळे दोन्हीकडे थोडी फट राहील. ती फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. एका बाजूला जास्त असेल तर आधी चेन ताणताना चाक तिरकं बसलंय का बघा. ते नसेल तर फ्रेम किंवा चिमटा वाकलाय.

गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचं चाक फिरवा. मोबाईल एका जागी टेकवून स्लो मोशन व्हिडिओ घ्या. रिम लहरतेय का ते डोळ्यापेक्षा व्हिडिओत चांगलं कळतं. स्पोकची चाकं असतील तर एकेका स्पोकवर नाणं वाजवा. टणटण वाजला तर घट्ट, बद्द वाजला तर ढिला.

टायर

जाड टायर फोटोत भारी दिसतो, पण अरुंद रिमवर जाड टायर दाबून बसवला की त्याचा आकार फुग्यासारखा होतो आणि वळणावर गाडी आपल्याला पाहिजे तशी झुकत नाही. टायर चेनला किंवा चिमट्याला घासतोय का बघा. घासल्याची चकाकी दिसते.

टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही असली तरी सहा-सात वर्षं जुना टायर मी बदलायलाच धरतो. रबर कडक होतं आणि पावसात पकड राहत नाही.

हँडल आणि ब्रेक

उंच किंवा खाली झुकलेलं हँडल लावलं की केबल आणि ब्रेकचा पाइप मूळ लांबीचे पुरत नाहीत. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवा आणि हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. वळवताना इंजिनचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जातेय. यू-टर्न घेताना गाडी आपोआप पुढे झेपावेल, असा त्याचा अर्थ. हँडल टाकीला लागतंय का, ब्रेकचा पाइप ताणला जातोय का, हेही याच वेळी बघा.

मग पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळूहळू फिरवा. मधोमध खट्ट अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेलाय.

१२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्यानंतरची गाडी असेल तर किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर मीटर बदलताना तो गेलाय की एबीएसच काढून टाकलंय, हे विचारा.

वायरिंग: माझी चूक तुम्ही करू नका

सीट उचला. साइड पॅनेल उघडा. नसतील उघडत तर उघडून द्यायला सांगा. बघायचं ते असं:

• फ्यूज बॉक्समध्ये खरा फ्यूज आहे का, की तार किंवा चांदी गुंडाळलीय?
• काळी टेप किती ठिकाणी आहे? नुसती पिळून टेप मारलेले जोड पावसाळ्यात दगा देतात.
• जादाचे लाइट असतील तर त्यांना वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज आहे का?
• फ्रेमच्या धारेवरून जाणारी वायर कुठे सोललीय का?

मग गाडी सुरू ठेवून हेडलाइट अपरवर, दोन्हीकडचे इंडिकेटर आलटून पालटून, ब्रेक लाइट, हॉर्न, जेवढं एकत्र चालू करता येईल तेवढं करा. लाइट एकदम मंद झाले किंवा इंजिन अडखळलं तर चार्जिंगमध्ये गडबड आहे. मल्टिमीटर बॅटरीला लावा. इंजिन बंद असताना साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट, आणि थोडा ॲक्सिलरेटर दिल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत.

इंजिन

थंड इंजिन आधी किकने, मग बटणाने सुरू करा. २०२० पर्यंतच्या ३५० मध्ये बटण दाबल्यावर कडकड, खण्ण असा आवाज येत असेल तर स्प्रॅग क्लच बघून घ्यावा लागेल. त्यासाठी इंजिनची एक बाजू उघडावी लागते.

धूर बघा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर म्हणजे वाफ, जाऊ द्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. मोकळा सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर लावला की इंजिनमध्ये हवा जास्त जाते. कार्ब्युरेटरचा जेट किंवा फ्युएल इंजेक्शनची सेटिंग त्याप्रमाणे बदलली नसेल तर इंजिन तापतं आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फाटफाट येते. अनेकांना तो आवाज आवडतो. पण ‘जेट कितीचा टाकलाय?’ याचं उत्तर मिळत नसेल तर त्या आवाजाचे पैसे देऊ नका. जमलं तर प्लग काढून बघा. टोक कॉफीच्या रंगाचं हवं. पांढरं पडलेलं असेल तर इंजिन तापतंय.

‘बुलेटचा आवाज असाच असतो’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. या पिढीच्या ३५० मध्ये हायड्रॉलिक टॅपेट आहेत. इंजिन गरम झाल्यावरही टकटक थांबत नसेल तर तो नेहमीचा आवाज नाही.

पायरी ४: चालवून बघा

इन्शुरन्स चालू असेल तरच चालवा, आणि हेल्मेट घालूनच. मोकळ्या जागेत हळूहळू इंग्रजी आठाचा आकडा काढा. पाय किंवा सायलेन्सर कुठे घासतो का ते कळतं. ४० च्या वेगात रस्ता मोकळा बघून जोरात ब्रेक मारा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. ६० च्या पुढे हँडल थरथरतंय का बघा. स्पीडब्रेकरवर मागून खट्ट आवाज येतो का ऐका. हात हँडलवरून सोडून ‘गाडी सरळ जाते का’ बघायचा प्रयोग अजिबात करू नका.

किंमत कशी ठरवायची?

विकणारा म्हणतो, "बनवायलाच साठ हजार गेलेत." खरंही असेल. पण ते त्याच्या आवडीचे पैसे आहेत. हिशोब मूळ गाडीपासून सुरू करा आणि त्यातून वजा करा. आमचं उदाहरण असं:

• त्याच वर्षाच्या, मॉडिफाय न केलेल्या तीन गाड्यांच्या जाहिराती बघितल्या: साधारण ८५,००० रुपये
• वायरिंग नीट करायला: ७,५०० वजा
• मागचा टायर: ३,५०० वजा
• मूळ सायलेन्सर, मडगार्ड, सीट, इंडिकेटर परत मिळवायला: १२,००० वजा
• राहिले: ६२,०००

विकणारा १,२०,००० सांगत होता. कंपनीचे काढलेले पार्ट पोत्यात बांधून ठेवले असतील तर ते नक्की मागून घ्या. ते मिळाले तर १२,००० चा आकडा वजा करायची गरज नाही. फ्रेममध्ये दोष असेल तर मात्र हा हिशोबच मांडायचा नाही. कितीही स्वस्त मिळाली तरी ती गाडी महाग आहे.

पैसे आणि कागद

• ‘टोकन पाठवा, नाहीतर दुसरा घेऊन जाईल’ याला बळी पडू नका. गाडी आणि मूळ आरसी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. गणवेशातला फोटो पाठवून ‘बदली झालीय, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो’ म्हणणारे तर सरळ ब्लॉक करा.
• पैसे आरसीवरच्या मालकाच्याच खात्यात द्या. रोख देऊ नका.
• फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. इन्शुरन्स नावावर करायला १४ दिवस.
• विकणाऱ्यालाही हे सांगा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि अपघाताची जबाबदारीही त्याचीच. त्यामुळे नाव लवकर बदलणं दोघांच्याही फायद्याचं आहे.
• कुठले बदल केले, कधी, कुणाकडून, हे एका कागदावर लिहून विकणाऱ्याची सही घ्या.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

१. आरसी, बोजा, चलन, इन्शुरन्स मोबाईलवर तपासलं
२. कंपनीतल्या गाडीचे फोटो सोबत घेतले
३. इंजिन थंड होतं
४. चासी आणि इंजिन नंबर जुळले
५. गळा, चिमटा, शॉकअपचा बोल्ट: तिन्हीकडे वेल्डिंग नाही
६. सुतळीने चाकं सरळ निघाली
७. टायरची तारीख बघितली
८. हँडल वळवताना आवाज वाढला नाही
९. सीटखाली खरे फ्यूज आहेत
१०. पैसे आरसीवरच्या मालकालाच

आमच्या बॉबरचं काय झालं?

नंबर जुळले. इंजिन पहिल्या किकला सुरू झालं, धूर नाही. वायरिंगमध्ये टेपच टेप होती, पण फ्यूज खरे होते. मावसभावाचा चेहरा खुलला होता. मग मी खाली बसून टॉर्चने शॉकअपचे फोटो काढायला लागलो. डावीकडचा बोल्ट ठीक. उजवीकडे गाडी बसकी करण्यासाठी तो धरणारी पट्टी कापून खाली वेल्ड केली होती, आणि वेल्डिंगच्या कडेने अंगठ्याच्या नखाएवढी तांबूस रेघ होती. फोटो झूम केला तेव्हा रंग तिथे फाटलेला दिसला.

विकणारा माझ्याच वयाचा होता. मला वाटलं, आता भांडण होणार. त्याने माझा मोबाईल हातात घेतला, फोटो दोनदा मोठा करून बघितला आणि म्हणाला, "भाऊ, मी ही अशीच घेतलीय. तिसरा मालक आहे मी." सीटच्या मागे एक छोटी गादी बसवलेली होती. ती कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाला, "मुलीला शाळेत सोडतो ना रोज."

तो खोटं बोलत नव्हता. त्यालाच माहीत नव्हतं. माझी बाईक ज्याने मला विकली, त्यालाही त्या तारेचं माहीत नसेल कदाचित.

त्याने गाडी तिथेच स्टँडला लावली आणि किल्ली खिशात टाकली. आम्ही त्याला तो फोटो पाठवला आणि माझ्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याचा नंबर दिला. मावसभाऊ परत येताना मागे बसून गप्प होता. चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "दादा, पुढच्या रविवारी वेळ आहे का? चाकणला एक आहे, मॉडिफाय न केलेली." मी म्हटलं, "आधी आरसीचा फोटो मागव."